सोयाबीनच्या गाठीतील जिवाणूचा कोडॉन-तक्ता : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

आमच्या प्रयोगशाळेत रायझोबियमच्या, म्हणजे मुळांवर गाठी धरून पिकाला हवेतला नत्र देणाऱ्या जिवाणूच्या, पाकिटांची तपासणी होते. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक चोळायचे, ही शिफारस सोयाबीन पेरणाऱ्याला पाठ असते. पण उगवणीनंतर मुळांवर आलेल्या गाठी पाकिटातल्या जिवाणूने धरल्या की मातीत आधीपासून असलेल्याने, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून पाकिटातल्या जिवाणूला हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे, म्हणजे जीएफपीचे, जनुक देऊन बंद कुंडीत गाठी मोजायच्या, असा प्रयोग जैवसुरक्षा समितीने मंजूर केला आहे. हे जनुक बाहेरून तयार करून घ्यायचे आणि या जिवाणूला सवयीच्या कोडॉनमध्ये, म्हणजे एकेक अमिनो आम्ल सांगणाऱ्या तीन अक्षरी डीएनए-शब्दांत, लिहून घ्यायचे, असे ठरले. त्यासाठी आधी तक्ता हवा: एकाच अमिनो आम्लासाठी असलेल्या दोन, तीन, चार किंवा सहा समानार्थी कोडॉनपैकी हा जिवाणू कोणते किती वापरतो. मॅडमना मी दहा दिवसांची मुदत सांगितली आहे.

११ जानेवारी

आमच्या पाकिटातल्या वाणाचा जनुकसंच वाचलेला नाही, म्हणून त्याचा जवळचा आणि सर्वात जास्त अभ्यासलेला नातेवाईक घेतला: ब्रॅडिरायझोबियमचा यूएसडीए ११० हा वाण. तो १९५७ साली अमेरिकेतील फ्लोरिडात सोयाबीनच्या गाठीतून वेगळा करण्यात आला आणि त्याचा संपूर्ण जनुकसंच जपानमधील काझुसा डीएनए संशोधन संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केला. एकच वर्तुळाकार गुणसूत्र, लांबी ९१,०५,८२८ बेस, जीसीचे (ए, टी, जी, सी या चार बेसपैकी जी आणि सी यांचे) प्रमाण ६४.१ टक्के आणि प्रथिनांची ८,३१७ संभाव्य जनुके, इतका हा मोठा संच आहे.

अर्धा दिवस नावात गेला. जुन्या लेखांत आणि तक्त्यांत हा वाण 'जापोनिकम' या जातीखाली आहे. २०१३ पासून त्याची जात 'डायझोएफिशियन्स' मानली जाते. दोन्ही नावांनी शोधल्याशिवाय सगळी माहिती हाती येत नाही. जनुकांच्या क्रमांकांचेही तसेच आहे. मूळ क्रमांक 'बीएलएल', 'बीएलआर' अशा अक्षरांनी सुरू होतात, नव्या नोंदणीत क्रमांक वेगळे आहेत आणि जुना क्रमांक बाजूच्या रकान्यात दिलेला असतो. दोन्ही क्रमांक जोडणारी यादी पहिल्याच दिवशी करून ठेवा, कारण जुने लेख वाचताना ती दर दहा मिनिटांनी लागते.

१३ जानेवारी

पहिली मोजणी पूर्ण झाली आणि ती पूर्णपणे चुकीची निघाली. जवळजवळ निम्म्या जनुकांच्या मध्येच थांबा-कोडॉन (प्रथिन इथे संपले असे सांगणारे कोडॉन) येत होते. मी आधी फाइल खराब आहे असे समजून ती पुन्हा उतरवली आणि त्यात संध्याकाळ घालवली.

रात्री एक बिघडलेले जनुक कागदावर उतरून काढले. त्याच्या सुरुवातीला टीसीए होते आणि शेवटी सीएटी. हे पाहताच चूक उमगली: टीसीए म्हणजे उलट्या साखळीवरून वाचलेले टीजीए, हे थांबा-कोडॉन, आणि सीएटी म्हणजे उलटे वाचलेले एटीजी, हे सुरुवातीचे कोडॉन. हे जनुक डीएनएच्या दोन साखळ्यांपैकी दुसरीवर होते आणि मी ते सरळ साखळीवर वाचत होतो. खरे तर जुन्या क्रमांकातच ही खूण दिलेली आहे. 'बीएलएल'मधले शेवटचे अक्षर डावीकडे आणि 'बीएलआर'मधले उजवीकडे, अशी जनुकाची दिशा सांगते. माझ्या स्क्रिप्टमध्ये दिशेचा रकाना वाचला जात होता, पण त्यावर काहीच केले जात नव्हते.

ते दुरुस्त केल्यावरही उलट्या साखळीवरची जनुके बिघडलेलीच राहिली. जनुकांच्या यादीत पहिल्या बेसचा क्रमांक एक असतो आणि पायथन या संगणक-भाषेत मोजणी शून्यापासून होते. सरळ साखळीसाठी मी एक वजा केला होता, उलट्या साखळीच्या नव्या ओळीत तो राहून गेला होता. आता प्रत्येक जनुकाची तीन ठिकाणी तपासणी लावली आहे: लांबीला तीनने भाग जातो का, शेवट थांबा-कोडॉनने होतो का आणि मध्ये थांबा-कोडॉन नाही ना. या तीन ओळी सुरुवातीलाच लिहिल्या असत्या तर दोन दिवस वाचले असते.

१६ जानेवारी

सुरुवातीच्या कोडॉनचा प्रश्न. जिवाणूंत एटीजीखेरीज जीटीजी आणि टीटीजी यांनीही जनुक सुरू होते, आणि त्या जागी तिन्हींचे वाचन मेथिओनिन असेच होते. मी पहिले कोडॉनही मोजत होतो, त्यामुळे सुरुवातीचे जीटीजी व्हॅलिनच्या खात्यात आणि टीटीजी ल्युसिनच्या खात्यात जमा होत होते. जनुकामागे एकच कोडॉन, म्हणून हा फरक किरकोळ वाटतो. पण टीटीजी या जिवाणूत मुळातच कमी वापरले जाते, त्यामुळे लहान जनुकांच्या आकड्यांत ही भर स्पष्ट दिसत होती. आता पहिला कोडॉन आणि थांबा-कोडॉन दोन्ही मोजणीबाहेर ठेवले आहेत.

१९ जानेवारी

आज कोणती जनुके ठेवायची हे ठरवण्यात दिवस गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. थांबा-कोडॉन टीएए, टीएजी आणि टीजीए हे तिन्ही एटीकडे झुकणारे असल्यामुळे जीसी जास्त असलेल्या जनुकसंचात ते योगायोगाने क्वचितच येतात. परिणामी, जिथे जनुक नाही तिथेही थांबा नसलेले लांब पट्टे सापडतात आणि संगणक त्यांना जनुक ठरवतो. असे खोटे जनुक तक्त्यात आले, तर आपण कोडॉनची निवड मोजत नसून नुसता जीसीचा प्रभाव मोजत असतो. म्हणून शंभरपेक्षा कमी कोडॉनची जनुके सोडून दिली, आणि मोडकी, निकामी म्हणून नोंदलेली जनुकेही काढली. मात्र एक अडचण आली: राइबोसोमची (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्राची) बरीच प्रथिने लहान असतात, आणि या चाळणीत तीही गळली. ती पुढे संदर्भासाठी हवीच असल्यामुळे त्यांची वेगळी यादी करून परत घेतली.

उड्या मारणाऱ्या घटकांच्या एन्झाइमची जनुके या संचात बरीच आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या तंतोतंत प्रती निरनिराळ्या ठिकाणी बसलेल्या आहेत. प्रत्येक प्रत मोजली तर एकाच जनुकाचे मत दहा वेळा पडते. त्यामुळे सारख्या प्रतींपैकी एकच ठेवली.

२२ जानेवारी

स्वच्छ तक्ता तयार झाला. अपेक्षेप्रमाणे तिसऱ्या जागेवर जी किंवा सी यांचाच वरचष्मा आहे. आयसोल्युसिनसाठी एटीसी, लायसिनसाठी एएजी, ल्युसिनसाठी सीटीसी आणि सीटीजी, ॲलानिनसाठी जीसीसी, व्हॅलिनसाठी जीटीसी पुढे आहेत. एटीए, टीटीए, सीटीए आणि एजीए तळाशी आहेत. काझुसा संस्थेचाच सार्वजनिक कोडॉन-तक्ता, जो जेनबँक या जनुकक्रमांच्या सार्वजनिक साठ्याच्या २००७ सालच्या आवृत्तीवरून केलेला आहे, तो शेजारी ठेवून पाहिला आणि क्रम जुळला. मॅडमना कळवले की काम झाले. ते झाले नव्हते.

२९ जानेवारी

या आठवड्याची नोंद लिहिताना मनाला लागते आहे, पण दुसऱ्याने तीच चूक करू नये म्हणून सविस्तर लिहितो.

नुसता सरासरी तक्ता पुरेसा नसतो; जी जनुके भरपूर प्रथिन बनवतात ती कोणते कोडॉन निवडतात हे पाहावे लागते. त्यासाठी सीएआय हा निर्देशांक वापरतात. १९८७ साली मांडलेल्या या पद्धतीत प्रत्येक कोडॉनला एकपर्यंतचे वजन दिले जाते आणि जनुकातील सर्व वजनांची भूमितीय सरासरी काढली जाते. मी एका जुन्या स्क्रिप्टने सगळ्या जनुकांचा सीएआय काढला. राइबोसोमची जनुके, जी कोणत्याही जिवाणूत सर्वात जास्त चालतात, ती यादीच्या वरच्या टोकाला येतील अशी अपेक्षा होती. ती कुठेतरी मधोमध आणि खाली विखुरलेली आली. मला वाटले, काहीतरी नवे सापडले. हा जिवाणू सावकाश वाढणारा आहे, 'ब्रॅडी' या ग्रीक शब्दाचा अर्थच 'सावकाश' असा आहे, तेव्हा याच्यात कोडॉनची निवड उलटी चालते अशी कल्पना मी मांडली, तीन पाने लिहिली, आलेख काढले आणि सहा दिवस त्यात घातले.

काल मॅडमनी ती पाने वाचली आणि एवढेच विचारले, "वजने कुठून घेतली?"

स्क्रिप्टमध्ये वजने आधीच भरलेली होती आणि ती ई. कोलाय या दुसऱ्याच जिवाणूची होती. त्या वजनांत व्हॅलिनच्या जीटीटीला १ आहे आणि जीटीसीला ०.०६६, ॲलानिनच्या जीसीटीला १ आणि जीसीसीला ०.१२२, लायसिनच्या एएएला १ आणि एएजीला ०.२५३. आमच्या जिवाणूच्या आवडत्या कोडॉनपैकी कित्येक असे, ज्यांना ई. कोलाय फार कमी गुण देतो. भूमितीय सरासरीत अशी लहान वजने सगळा आकडा खाली ओढतात. मी एका गावच्या वजनमापाने दुसऱ्या गावचा बाजार तोलत होतो. तीन पाने काढून टाकली.

१ फेब्रुवारी

वजने याच जिवाणूच्या जनुकांवरून काढायची, म्हणून संदर्भ-संच निवडला: राइबोसोमची प्रथिने आणि भाषांतर, म्हणजे कोडॉन वाचून प्रथिन बनवण्याचे काम, पुढे नेणारे घटक. इतर जिवाणूंच्या कामात ग्रो-ईएल हे, प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करणाऱ्या प्रथिनाचे, जनुकही बिनदिक्कत घेतात, म्हणून मीही घेतले होते. पण इथे ते एक नाही. या जिवाणूत ग्रो-ईएसएलच्या (ग्रो-ईएस आणि ग्रो-ईएल या जोडीच्या) अनेक प्रती आहेत, आणि त्यांपैकी तिसरी प्रत नत्र स्थिरीकरणाच्या जनुकांसोबत, एनआयएफ-ए या नियंत्रकाच्या हुकमाने चालते, हे १९९३ सालीच दाखवलेले आहे. सगळ्या प्रती एकत्र घेतल्या तर 'नेहमी भरपूर चालणारी जनुके' हा निकषच मोडतो. सगळ्याच काढल्या.

नव्या वजनांनी राइबोसोमची जनुके वर आली. त्याचा फार आनंद मानू नये हेही लक्षात ठेवावे लागले, कारण वजने त्यांच्यावरूनच काढली आहेत. तीच वर येणार. आता संदर्भातले प्रत्येक जनुक मोजताना त्याला स्वतःला वजनांतून वगळून मोजतो.

५ फेब्रुवारी

हा कल निवडीमुळे किती आणि नुसत्या जीसीमुळे किती? यासाठी एन-सी, म्हणजे जनुकात प्रत्यक्षात वापरात असलेल्या कोडॉनची परिणामकारक संख्या, काढली. ती २० ते ६१ यांच्या दरम्यान असते. २० म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लाला एकच कोडॉन. माझा डोळा पुन्हा फसणार होता, कारण आमच्या जनुकांचा एन-सी सरसकट कमी दिसत होता. पण १९९० सालच्या मूळ सूत्राने हिशेब करून पाहा: तिसऱ्या जागेवरील जीसी निम्मा असेल तर कोणत्याही निवडीशिवाय अपेक्षित एन-सी ६०.५ येतो, ०.७ असेल तर ५२.७, आणि ०.८ असेल तर ४५.४. म्हणजे पंधरा अंकांची घसरण निव्वळ जीसीमुळे होते. जनुक या सूत्राच्या वक्ररेषेच्या खाली किती आहे तेवढेच पाहायचे, नुसता एन-सी कमी आहे की जास्त हे नाही.

यातून कामाची एक युक्ती सापडली. टीटीसी आणि टीटीटी, किंवा एटीसी आणि एटीटी अशा जोड्या पाहून इथे काही कळत नाही, कारण सी जिंकला तर तो जीसीच्या ओढीने जिंकला की निवडीने, हे वेगळे करता येत नाही. पण सीजीसी आणि सीजीजी हे दोन्ही आर्जिनिनचे आहेत आणि दोन्हींच्या तिसऱ्या जागी जी किंवा सीच आहे. तिथे जीसीची ओढ दोघांना सारखी लागते. राइबोसोमच्या जनुकांत सीजीजी ठळकपणे मागे पडते. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे: सीजीसी वाचणारा टीआरएनए (कोडॉन वाचून त्याचे अमिनो आम्ल आणणारा रेणू) इनोसिन या बदललेल्या बेसच्या आधाराने सीजीटी, सीजीसी आणि सीजीए असे तीन कोडॉन वाचतो, तर सीजीजीला वेगळा टीआरएनए लागतो. तक्ता वाचताना मी आता आधी अशाच जोड्या पाहतो.

टीआरएनएच्या प्रतींची संख्या मोजून काही हाती लागेल असे वाटले होते. या संचात टीआरएनएची जनुके ५० आणि आरआरएनएचा (राइबोसोममधल्या आरएनएचा) संच एकच आहे. प्रतींच्या संख्येत एवढी चढउतारच नाही. अर्ध्या दिवसात तो नाद सोडला.

१० फेब्रुवारी

जनुकांचे गट पाडण्यासाठी संगती-विश्लेषण (सारखा कोडॉन-वापर असलेली जनुके आलेखावर जवळ आणणारी पद्धत) केले. पहिल्या अक्षावर एक अजब गट सुटा पडला, आणि त्यातल्या जनुकांत काहीच समान दिसेना. शेवटी एक-एक जनुक उघडून पाहिले. त्यांच्यात सिस्टीन एकदाच येत होते आणि ते नेमके टीजीटीने लिहिलेले होते. मी सापेक्ष आकडे, म्हणजे आरएससीयू (सगळे समानार्थी कोडॉन सारखे वापरले असते तर आली असती त्या संख्येच्या किती पट), वापरले होते. सिस्टीनचे दोनच कोडॉन, त्यामुळे एकुलत्या एका टीजीटीला सरळ २ हा कमाल आकडा मिळत होता. एका कोडॉनच्या जोरावर अख्खे जनुक आलेखाच्या टोकाला फेकले जात होते. सापेक्ष आकडे सोडून प्रत्यक्ष संख्या घेतल्या आणि विश्लेषण प्रत्येक अमिनो आम्लाच्या आत केले, तेव्हा तो गट नाहीसा झाला. मध्ये दोनदा वीज गेली आणि विश्लेषण पहिल्यापासून चालवावे लागले; आता टप्प्याटप्प्याने निकाल जतन करतो.

१३ फेब्रुवारी

आता पहिल्या अक्षावर जे सुटे झाले ते खरे आहे. तिसऱ्या जागी जीसी कमी असलेल्या जनुकांचा एक मोठा थवा वेगळा पडला, आणि त्यांची गुणसूत्रावरील जागा काढली तर ती बहुतांशी एकाच सलग प्रदेशातली. हे या जिवाणूचे सहजीवन-बेट आहे: सुमारे ६८१ हजार बेसचा हा पट्टा, त्याचे जीसी ५९ टक्क्यांच्या आसपास, आणि गाठी धरण्याची व नत्र स्थिर करण्याची जनुके इथेच. बाहेरून आलेल्या या प्रदेशाची कोडॉनची बोली अजून वेगळी आहे. नॉड-ए, नॉड-बी, नॉड-सी या गाठी धरवणाऱ्या जनुकांत एटीटी आणि एएए यांसारखे कोडॉन बाकीच्या गुणसूत्रापेक्षा कितीतरी मोकळेपणाने येतात.

या जिवाणूत कोडॉनचा वापर सर्वत्र सारखा नाही, हे १९९१ साली, मोजकीच जनुके हाती असताना, लिहिले गेले होते. तो लेख मी आज वाचला. पहिल्या दिवशी वाचला असता तर बेट आणि उरलेले गुणसूत्र यांचे दोन वेगळे तक्ते मी सुरुवातीलाच केले असते. नायट्रोजिनेजची जनुकेही याच बेटावर आहेत आणि गाठीत ते प्रथिन मुबलक बनते. म्हणून बेटावरच्या एखाद्या जनुकाचा सीएआय कमी दिसला तरी त्यावरून 'हे प्रथिन कमी बनते' असा निष्कर्ष काढायचा नाही. आमच्या कामासाठी तक्ता बेट वगळून केला.

१९ फेब्रुवारी

प्रत्येक अमिनो आम्लासाठी सर्वाधिक वापराचा एकच कोडॉन घेऊन जीएफपीची २३८ अमिनो आम्ले लिहिली आणि मागणी पाठवली. तिसऱ्या दिवशी नकार आला: जीसी फार आणि पुनरावृत्ती फार, हा तुकडा तयार होणार नाही. नकार रास्त होता. तेच कोडॉन पुन्हा पुन्हा लिहिल्यामुळे क्रमच एकसुरी झाला होता. आता तक्त्यातील प्रमाणानुसार कोडॉन वाटून, तळाचे चार वगळून, नवा क्रम केला. दरपत्रक १३,५०० रुपयांचे आले.

२३ फेब्रुवारी

मागणीवर सही करण्याआधी मॅडमनी आणखी एक प्रश्न विचारला: शीतपेटीत जे ईजीएफपी आहे, ते या तक्त्याने किती गुण मिळवते? मी ते कधी तपासलेच नव्हते. ईजीएफपी हे मानवी पेशींसाठी नव्याने लिहिलेले जनुक आहे, जिवाणूसाठी नव्हे, एवढ्यावरच मी ते बाजूला ठेवले होते. पण मानवी पेशींसाठी लिहिताना तिसऱ्या जागी जी आणि सी भरले गेले, आणि ब्रॅडिरायझोबियमलाही तेच हवे असते. तपासले, तळाच्या चार कोडॉनपैकी काहीही त्रासदायक त्यात नाही, आणि गुण आमच्या नव्या क्रमाच्या जवळ जातात. १३,५०० रुपयांची मागणी रद्द केली.

त्याच वेळी २००९ सालचे ई. कोलायमधील काम पुन्हा वाचले. जीएफपीचे १५४ समानार्थी क्रम करून पाहिले होते. चमक अडीचशे पटींपर्यंत बदलली, पण ती सीएआयनुसार बदलली नाही. निम्म्याहून अधिक फरक सुरुवातीच्या भागात एमआरएनएची (जनुकाच्या आरएनए-प्रतीची) घडी किती घट्ट बसते यावरून ठरत होता. आमच्या ईजीएफपीची सुरुवात अशी आहे: एटीजी, जीटीजी, एजीसी, एएजी, जीजीसी, जीएजी, जीएजी, सीटीजी. आठही कोडॉन जी किंवा सीवर संपतात. जी आणि सी यांनी घडी घट्ट बसते, म्हणून अख्ख्या जनुकात आम्ही जे शोधत होतो तेच या तोंडाशी नको आहे.

२६ फेब्रुवारी

सुरुवात बदलली: जीटीजीच्या जागी जीटीटी, एएजीच्या जागी एएए, जीजीसीच्या जागी जीजीटी आणि दोन्ही जीएजीच्या जागी जीएए. अमिनो आम्ले तीच राहिली, एटीए किंवा टीटीएसारखे दुर्मीळ कोडॉन आणले नाहीत. घडीचा अंदाज संगणकावर काढला, तो आधीपेक्षा सैल आहे. हा बदल एका लांब प्राइमरने (डीएनएच्या छोट्या तुकड्याने) पीसीआरमध्ये, म्हणजे जनुकाच्या प्रती काढतानाच, करता येतो. दोन प्राइमरांचे मिळून ९०० रुपये झाले. दहा दिवसांचे काम सात आठवड्यांवर गेले, त्यातले सहा दिवस ई. कोलायच्या वजनांनी आणि दोन दिवस उलट्या साखळीने खाल्ले. स्क्रिप्ट, गाळलेल्या जनुकांची यादी आणि बेटाचे व बेटाबाहेरचे दोन्ही तक्ते प्रयोगशाळेच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवले आहेत. प्राइमर शुक्रवारी येतील. जुनी आणि नवी सुरुवात असलेले दोन्ही प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारी डीएनएची छोटी वर्तुळे) एकाच दिवशी जिवाणूत घालून शेजारी-शेजारी वाढवायचे आहेत.